गुरांची सीमा, माणसांची सीमा : अमेरिका–मेक्सिको सरहद्दीवरील पशुपालनाचा इतिहास

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको यांच्यामधील सुमारे ३,१४५ किलोमीटर लांबीच्या सरहद्दीचा विषय निघाला की आज चर्चा होते ती स्थलांतरितांची, तस्करांची आणि पोलादी भिंतीची. परंतु या सरहद्दीवर अमेरिकी संघराज्य सरकारने घातलेले पहिले कुंपण माणसांना अडवण्यासाठी नव्हते. १९०९ ते १९११ या काळात कॅलिफोर्नियाच्या दक्षिण कडेला ते उभारले कृषी खात्याच्या पशुउद्योग विभागाने, आणि त्याचा हेतू होता मेक्सिकोतून चरत चरत येणाऱ्या गुरांच्या अंगावरची गोचीड रोखण्याचा. गुरांच्या ये-जा करण्यावरील नियंत्रण आधी आले, माणसांच्या ये-जा करण्यावरील कडक नियंत्रण नंतर आले, आणि या दोन्हींचा भार ज्यांच्या जमिनीवर पडला ते सीमेलगतचे पशुपालक होते. त्यांचे आजचे गाऱ्हाणे समजून घ्यायचे तर हे दोन्ही इतिहास एकत्र वाचावे लागतात. तसे वाचले असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : राजधानीत धोरण आखणाऱ्यांनी सीमा ही नकाशावरची रेषा मानली आणि त्या धोरणाचे भोग मात्र रेषेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या चराऊ मुलखाच्या वाट्याला आले.

या मुलखात गुरे सीमेच्या कितीतरी आधी आली. युसेबिओ फ्रान्सिस्को किनो हा जेझुइट धर्मप्रचारक १६८७ मध्ये पिमेरिया आल्ता, म्हणजे आजचा उत्तर सोनोरा आणि दक्षिण ॲरिझोना, या प्रदेशात पोहोचला आणि त्याने स्थापन केलेल्या मठवसाहतींबरोबर गायीबैलांचे कळपही उत्तरेकडे सरकले. घोड्यावरून गुरे राखण्याची, फासा टाकून जनावर धरण्याची, तापल्या लोखंडाने मालकीचा डाग देण्याची सगळी रीत स्पॅनिश अमलातील वाकेरोंनी, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांनी, घडवली होती आणि अमेरिकी काऊबॉयने ती त्यांच्याकडूनच उचलली. रँच म्हणजे अशा पद्धतीने गुरे वाढवण्याचा हजारो एकरांचा पसारा. पाऊस तुटपुंजा आणि गवत विरळ असल्यामुळे तेथे एका गायीला कित्येक एकर चराई लागते, आणि म्हणून जमिनीच्या मालकीपेक्षा पाण्याचा झरा कोणाच्या ताब्यात आहे याला नेहमीच अधिक महत्त्व राहिले.

अशा मुलखातून सीमा आखली गेली ती युद्ध आणि खरेदी या दोन मार्गांनी. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने मेक्सिकोने आपला जवळपास निम्मा प्रदेश गमावला आणि रिओ ग्रान्दे ही नदी टेक्सासची सीमा ठरली. पुढे डिसेंबर १८५३ मध्ये झालेल्या आणि १८५४ मध्ये मंजूर झालेल्या गॅड्सडेन करारान्वये अमेरिकेने एक कोटी डॉलर देऊन आजच्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांचा दक्षिण पट्टा विकत घेतला. या खरेदीचे मुख्य कारण दक्षिणेकडून जाणारा नियोजित रेल्वेमार्ग हे होते. त्या पट्ट्यात कोणाची कुरणे कशी विभागली जातील किंवा तोहोनो ओ'ओदाम या मूलनिवासी लोकांची भूमी कशी दुभंगेल, हा विचार करारात नव्हता. मोजणी झाली तेव्हा शेकडो मैलांच्या वाळवंटात मोजकेच सीमास्तंभ उभे राहिले. १८९० च्या दशकातील फेरमोजणीनंतर त्यांची संख्या २५८ झाली, तरीही दोन स्तंभांमधल्या मोकळ्या जागेत गुरांना अडवणारे काहीही नव्हते.

सान बर्नार्दिनो या रँचचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर १८२२ मध्ये इग्नासिओ पेरेस याने ही पाणथळ खोऱ्यातील जमीन सरकारकडून मिळवली; सीमा आखली गेल्यावर तिचा लहान तुकडा अमेरिकेत आणि मोठा हिस्सा मेक्सिकोत गेला. १८८४ च्या सुमारास ती जॉन स्लॉटर याने घेतली, जो पुढे ॲरिझोनातील कोचीस परगण्याचा शेरीफ, म्हणजे निवडून दिलेला पोलीसप्रमुख, झाला. त्याचे राहते घर सीमेपासून हाकेच्या अंतरावर होते आणि त्याची गुरे दोन्ही देशांत चरत असत. या काळातील पशुपालकाच्या दृष्टीने सीमा म्हणजे जकात चुकती करण्याचा, आणि चोरीस गेलेल्या गुरांचा माग जिथे कायद्याने थांबतो असा, एक प्रशासकीय मुद्दा होता. गवत, पाणी, बाजार, गडीमाणसे आणि सोयरीक या बाबतींत दोन्ही बाजू एकच होत्या.

ही स्थिती बदलण्यास आरंभ झाला तो एका रोगामुळे. टेक्सासकडून उत्तरेला हाकलत नेलेल्या गुरांच्या संपर्कात आलेली उत्तरेकडची जनावरे तापाने मरत, लघवी रक्ताळत आणि कळपच्या कळप नष्ट होत. दक्षिणेची गुरे मात्र धडधाकट दिसत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून या ‘टेक्सास तापा’चे जंतू गोचिडीमार्फत पसरतात हे सिद्ध झाले. १९०६ मध्ये अमेरिकेने गोचीड निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि १९४३ पर्यंत देशाचा बहुतेक भाग गोचीडमुक्त झाला. मात्र टेक्सासमध्ये रिओ ग्रान्देच्या काठाने डेल रिओपासून ब्राउन्सव्हिलपर्यंतचा एक चिंचोळा पट्टा कायमचा विलगीकरण क्षेत्र म्हणून राखून ठेवावा लागला, कारण पलीकडच्या काठावर गोचीड होतीच.

या पट्ट्यात आजही कृषी खात्याचे घोडेस्वार निरीक्षक गस्त घालतात. त्यांचे काम सीमेच्या इतिहासातील सर्वांत जुन्या आणि सर्वांत कमी चर्चिल्या गेलेल्या पहाऱ्यांपैकी एक आहे. नदीकाठच्या झुडपांतून आणि बोरूच्या दाट वनांतून घोडा घालत ते ओल्या मातीत उमटलेले खूर पाहतात. नदी ओलांडून आलेले मोकाट जनावर दिसले की फासा टाकून ते धरतात. रँचवरील गुरे तपासताना जनावर खोड्यात उभे करून मानेची पोळी, कानाची मागची बाजू, जांघा आणि शेपटीचा बुडखा अशा जागा निरीक्षक बोटांनी चाचपत जातो, कारण कोवळी गोचीड डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागते. एक गोचीड सापडली तरी त्या रँचवर निर्बंध येतात आणि सगळा कळप कित्येक महिने ठरावीक अंतराने औषधी पाण्याच्या हौदातून काढावा लागतो. सीमेवर सरकारचा पहारा हवा, ही मागणी पशुपालकांच्या मनात रुजण्यास हा अनुभवही कारणीभूत ठरला.

या प्रकरणाला महाराष्ट्राशी जोडणारा एक धागाही आहे. गोचिडीला आणि उन्हाला दाद न देणारी जात म्हणून अमेरिकी पशुपालकांनी भारतीय वशिंडाच्या गुरांकडे वळण्यास एकोणिसाव्या शतकातच सुरुवात केली. त्यातून ‘अमेरिकन ब्राह्मण’ ही जात तयार झाली आणि १९२४ मध्ये तिच्या पैदासकारांची संघटना टेक्सासमध्ये स्थापन झाली. गीर, कांकरेज आणि ओंगोल यांच्या जोडीने या जातीच्या घडणीत सांगली, सातारा आणि उत्तर कर्नाटकातील नदीकाठच्या काळ्या रानात नांगराला जुंपल्या जाणाऱ्या कृष्णा खोऱ्याच्या जातीचे रक्त होते. दक्षिण टेक्सासमधील किंग रँचने याच ब्राह्मण गुरांचा शॉर्टहॉर्न जातीशी संकर करून सांता जर्ट्रुडिस ही जात विकसित केली, जिला १९४० मध्ये मान्यता मिळाली.

किंग रँच दुसऱ्याही एका कारणासाठी लक्षात घ्यावी लागते. तिचा संस्थापक रिचर्ड किंग याने १८५४ मध्ये दुष्काळाने गांजलेल्या तामाउलिपास प्रांतातील क्रुइयास गावातून गुरे विकत घेतली आणि मागोमाग त्या गावच्या लोकांनाच आपल्या रँचवर येऊन राहण्याचे आवतण दिले. त्यांचे वंशज ‘किनेन्यो’, म्हणजे किंगची माणसे, म्हणून ओळखले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ती रँच चालवली. त्या वेळी त्यांना ना पारपत्र लागले ना परवाना. जनावरांवर पहारे बसत असताना मेक्सिकन मजुरासाठी सीमा मोकळीच राहिली. १९०४ पासून सीमेवर नेमलेले घोडेस्वार पहारेकरी मुख्यतः १८८२ च्या बंदी कायद्याला चुकवून येणाऱ्या चिनी मजुरांना शोधत होते. १९१७ च्या कायद्याने साक्षरतेची चाचणी आणि आठ डॉलरचा प्रवेशकर लादला, तेव्हा शेतमालक आणि पशुपालकांच्या दबावामुळे मेक्सिकन मजुरांना लगोलग सवलत मिळाली. १९२४ च्या राष्ट्रनिहाय कोट्यातूनही पश्चिम गोलार्ध वगळला गेला.

तथापि हा मोकळेपणा सलोख्याचा होता असे समजणे चूक ठरेल. १९१० नंतरच्या मेक्सिकन क्रांतीच्या काळात सीमेपलीकडून टोळ्या येत, गुरे पळवत आणि रँच जाळत; मार्च १९१६ मध्ये पांचो व्हिया या क्रांतिकारी सेनानीच्या सैन्याने न्यू मेक्सिकोतील कोलंबस गावावर हल्ला केला. अशा हल्ल्यांच्या प्रत्युत्तरात जे घडले ते अधिक क्रूर होते. टेक्सासमधील पोर्वेनीर या वस्तीत २८ जानेवारी १९१८ च्या पहाटे टेक्सास रेंजर्स या राज्यपोलीस दलाने, स्थानिक रँचमालकांना बरोबर घेऊन, मेक्सिकन वंशाच्या पंधरा निःशस्त्र पुरुषांना आणि मुलांना गोळ्या घातल्या. सीमेवरील पशुपालक हा केवळ अन्याय सोसणारा आहे, असे चित्र रंगवणाऱ्याने हा प्रसंग विसरता कामा नये.

२८ मे १९२४ रोजी सीमा गस्त दलाची स्थापना झाली. सुरुवातीच्या काळात भरती होणाऱ्याने घोडा आणि खोगीर स्वतःचे आणायचे, सरकारने बिल्ला, रिव्हॉल्व्हर, घोड्याची वैरण आणि वर्षाला १,६८० डॉलर पगार द्यायचा, अशी व्यवस्था होती. १९२९ मध्ये विनापरवाना प्रवेश हा प्रथमच फौजदारी गुन्हा ठरला. येथून माणसांची सीमा घट्ट होऊ लागली, पण मजुरांची गरज मात्र तशीच राहिली. १९४२ मध्ये दोन्ही सरकारांनी ब्रासेरो योजना, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर मेक्सिकन शेतमजूर आणण्याची योजना, सुरू केली आणि १९६४ अखेरपर्यंत तिच्याखाली पंचेचाळीस लाखांहून अधिक करार झाले. त्याच काळात डिसेंबर १९४६ मध्ये मेक्सिकोत लाळ्या-खुरकूत रोगाची साथ जाहीर झाली. ब्राझीलहून आणलेल्या वशिंडाच्या वळूंबरोबर ती आल्याचे मानले गेले. अमेरिकेने मेक्सिकन गुरांना सीमा बंद केली आणि दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाने मेक्सिकोत सुमारे दहा लाख जनावरे मारली, ज्यात कित्येक गरीब शेतकऱ्यांच्या नांगराचे बैलही गेले. लोकक्षोभ उसळल्यावर सरसकट कत्तल सोडून लसीकरणाचा मार्ग धरावा लागला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साथ आटोक्यात आली. या वर्षांत गुरांना बंद असलेली सीमा करारबद्ध मजुरांना उघडी होती.

१९५२ च्या कायद्यात या धोरणाचे दोन परस्परविरोधी पैलू एकत्र आले. विनापरवाना आलेल्या माणसाला आसरा देणे हा गंभीर गुन्हा ठरला, परंतु त्याला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी पळवाट त्यात ठेवली गेली. टेक्सासच्या शेतमालकांच्या आणि पशुपालकांच्या आग्रहामुळे ती घातली गेल्याने ती ‘टेक्सास अपवाद’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्याच वेळी सीमेपासून पंचवीस मैलांच्या आत कोणत्याही खाजगी जमिनीत, राहते घर सोडून, झडतीच्या परवान्याशिवाय शिरण्याचा अधिकार गस्त दलाला मिळाला. मालकाला स्वस्त मजुराची सूट मिळाली आणि त्या बदल्यात त्याचे कुरण सरकारी गस्तीला कायमचे खुले झाले. पुढील सत्तर वर्षांच्या तक्रारींची मुळे बऱ्याच अंशी या व्यवहारात आहेत.

ब्रासेरो योजना बंद झाली आणि १९६५ च्या कायद्याने, १९६८ पासून, पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवरही प्रथमच संख्येची मर्यादा आली. १९७६ मध्ये ती प्रत्येक देशाला वर्षाकाठी वीस हजार इतकी झाली. ज्या वाटेने माणसे पिढ्यान्‌पिढ्या कामाला येत होती ती वाट कायद्याने बंद झाली, काम मात्र बंद झाले नाही. त्यामुळे तोच मजूर आता गुन्हेगार ठरला आणि त्याच्याकडे पाहण्याची नजरही बदलली. ऑगस्ट १९७६ मध्ये ॲरिझोनातील डग्लस गावाजवळ एका पशुपालक कुटुंबातील पित्याने आणि त्याच्या दोन मुलांनी कामाच्या शोधात चाललेल्या तीन मेक्सिकन तरुणांना धरून त्यांचा अमानुष छळ केल्याचा खटला उभा राहिला; स्थानिक ज्युरीने आरोपींना सोडले, आणि अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर १९८१ मध्ये संघीय न्यायालयात दोघा भावांपैकी एक दोषी ठरला. १९८६ च्या सुधारणा कायद्याने सुमारे सत्तावीस लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला आणि विनापरवाना मजूर ठेवणाऱ्या मालकाला प्रथमच दंडाची तरतूद केली. शेतमजुरांसाठीचा एच-टू-ए परवाना याच कायद्याने वेगळा झाला. पण तो मूलतः हंगामी कामांसाठी असल्याने बारमाही राखण लागणाऱ्या पशुपालनाला तो नीट बसला नाही. उघड्या रानातील गुराख्यांसाठी वेगळे नियम झाले तेही विशेष सवलतीच्या रूपाने.

सीमावर्ती रँचच्या आजच्या व्यथेला थेट कारणीभूत ठरलेला निर्णय १९९० च्या दशकातील आहे. १९९३ मध्ये एल पासो आणि १९९४ मध्ये सान दिएगो या शहरांत गस्त दलाने माणसे आणि कुंपणे यांची दाट फळी उभी केली. १९९४ च्या आराखड्यामागील विचार असा होता की शहरातील सोपे मार्ग बंद केले की वाळवंट आणि डोंगर यांच्या धास्तीनेच लोक यायचे थांबतील. लोक थांबले नाहीत. बांध घातलेल्या ओढ्याचे पाणी बाजूच्या शेतात शिरावे तसे ते ॲरिझोनाच्या कुरणांतून चालू लागले. २००० या आर्थिक वर्षात एकट्या टूसॉन विभागात गस्त दलाने ६,१६,३४६ वेळा लोकांना पकडल्याची नोंद आहे.

आकड्यांमागची हानी कुरणात उतरून पाहिल्यावरच कळते. ॲरिझोनातील रँचमालकाची स्वतःची जमीन सहसा थोडी असते आणि उरलेली चराई राज्य किंवा संघराज्य सरकारच्या भाडेपट्ट्यावर असते; ती वेगवेगळ्या कप्प्यांत विभागून एकेका कप्प्याला आळीपाळीने विश्रांती दिली तरच गवत टिकते. रात्री कोणी काटेरी तार कापली किंवा फाटक उघडे टाकले की वळू नको त्या कळपात शिरतो, विश्रांतीचे गवत फस्त होते, आणि सीमेवरची तार असेल तर गुरे परदेशात जाऊन विलगीकरणाच्या कचाट्यात सापडतात. तहानलेल्या माणसाने हाळाच्या नळाला जोडलेला तरंगता खटका मोडला, तर मैलोन्‌मैल नळाने आणलेले टाकीभर पाणी एका रात्रीत वाळूत जिरते आणि उन्हाळ्यात त्याची किंमत जनावरांच्या जिवाने मोजावी लागते. त्यातच मादक पदार्थांच्या टोळ्यांनी याच वाटा धरल्यावर रानात एकट्याने फिरणे जोखमीचे झाले. मात्र याच रानात चालणाऱ्यांची हानी कितीतरी अधिक होती : १९९८ पासूनच्या साधारण दोन दशकांत गस्त दलाच्याच नोंदींनुसार सात हजारांहून अधिक माणसे या सीमेवर मरण पावली, आणि त्यांतील अनेकांचे देह रँचवरच्या माणसांना सापडले.

या परिस्थितीला पशुपालकांनी एकाच प्रकारे तोंड दिले नाही. काहींनी बंदूक हाती घेऊन लोकांना धरण्यास सुरुवात केली; अशा एका रँचमालकाला २००९ मध्ये टूसॉनच्या ज्युरीने सुमारे ७८ हजार डॉलर भरपाई देण्यास सांगितले. काहींनी तारेला शिड्या लावल्या आणि पिण्यासाठी वेगळे नळ बसवले. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांच्या कोपऱ्यातील काही रँचमालकांनी १९९४ मध्ये माल्पाई बॉर्डरलँड्स ग्रुप स्थापन केला आणि सुमारे आठ लाख एकर मुलखातील गवत, वन्यजीव आणि पशुपालन यांची सांगड घालण्याचे काम हाती घेतले. याच परिसरात मार्च १९९६ मध्ये वॉर्नर ग्लेन या पशुपालकाने जिवंत जॅग्वारचे छायाचित्र घेतले. या गटाशी संबंधित असलेले, १९०७ पासून त्या खोऱ्यात राहिलेल्या घराण्यातील रॉबर्ट क्रेन्झ यांचा २७ मार्च २०१० रोजी त्यांच्याच रँचवर गोळ्या घालून खून झाला. तो गुन्हा आजतागायत सिद्ध झालेला नाही. परंतु त्यानंतर महिन्याभरात ॲरिझोनाने पोलिसांना स्थलांतरविषयक कागदपत्रे तपासण्याचे अधिकार देणारा कठोर कायदा केला, ज्याची बहुतेक वादग्रस्त कलमे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली.

भिंतीच्या प्रश्नावरही पशुपालकांत एकमत नाही, आणि त्याचे कारण जमिनीच्या मालकीच्या इतिहासात सापडते. १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत सीमेलगतचा साठ फुटांचा पट्टा सरकारी कामासाठी राखून ठेवला होता, त्यामुळे तेथे भिंतीसाठी जागा तयार होती. टेक्सासात असा पट्टा नाही. नदीकाठची जमीन मुख्यतः खाजगी आहे आणि पूरक्षेत्रात बांधकामावर मेक्सिकोबरोबरच्या कराराची बंधने आहेत. म्हणून २००६ च्या कायद्यानंतर तेथे बांधलेले कुंपण नदीपासून आत सरकले आणि काही मालकांची जमीन व गुरांचे पाणी भिंतीच्या पलीकडे गेले. २०१७ ते २०२१ या काळात बांधलेल्या सुमारे ४५८ मैल भिंतीने, जी बहुतांश जुन्या अडथळ्यांच्या जागी उभी राहिली, काही रँचमालकांना दिलासा मिळाला. इतरांच्या मते डोंगर फोडून काढलेल्या रस्त्यांनी आणि अडलेल्या ओढ्यांनी नवे नुकसान केले. गस्त सीमेवरच घालावी, वीस-तीस मैल आत नव्हे, ही मागणी मात्र दोन्ही पक्ष सारख्याच आग्रहाने करतात. टेक्सासमधील ब्रुक्स परगण्यात सीमेपासून सुमारे सत्तर मैल आत असलेल्या फालफुरियास येथील तपासनाक्याला वळसा घालण्यासाठी लोक रँचमधून चालतात आणि त्या वाळूत मरतात. ती जमीन सीमेवर नाही, तरी सीमेचे सगळे दुःख तिच्यावर उतरले आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या दक्षिण भागात, गुरांच्या जिवंत मांसात किडे पाडणाऱ्या ‘स्क्रूवर्म’ माशीचा प्रादुर्भाव पुन्हा आढळला. प्रयोगशाळेत वांझ केलेले नर विमानातून सोडून दोन्ही देशांनी या माशीचे उच्चाटन केले होते. अमेरिका १९६६ मध्ये आणि मेक्सिको १९९१ मध्ये तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले होते. अमेरिकेने लगेच मेक्सिकन गुरांची आयात थांबवली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती सुरू केली, मे महिन्यात पुन्हा बंद केली, आणि जुलैमध्ये डग्लसचे प्रवेशद्वार उघडून दोनच दिवसांत परत मिटले. एरवी वर्षाला दहा लाखांच्या आसपास वासरे सोनोरा, चिवावा आणि शेजारच्या प्रांतांतून अमेरिकी कुरणांत येतात. ती अडली तेव्हा दोन्ही बाजूंचे पशुपालक एकाच वेळी अडचणीत आले.

या दीर्घ इतिहासात रोगांविरुद्धच्या मोहिमांना आलेले यश आणि माणसांविषयीच्या धोरणाला आलेले अपयश शेजारी शेजारी उभे आहे, आणि त्या दोहोंमधला फरक विचार करण्याजोगा आहे. माणसे ही जनावरे किंवा जंतू नव्हेत, म्हणून एकाचे उपाय दुसऱ्याला लागू करता येत नाहीत. परंतु लाळ्या-खुरकूत आणि स्क्रूवर्म यांच्याविरुद्ध यश आले ते दोन्ही सरकारांनी संयुक्त आयोग नेमले, संपूर्ण प्रदेशाचा एकत्र विचार केला आणि सरसकट कत्तलीसारखा चुकलेला मार्ग बदलण्याची तयारी दाखवली म्हणून. मजुरांच्या बाबतीत याच्या उलट झाले : त्यांच्या श्रमाची गरज कायम ठेवून त्यांची कायदेशीर वाट बंद केली गेली आणि शहरांतून हटवलेला प्रश्न ओसाड कुरणांत ढकलला गेला. पशुपालकाला सुरक्षितता हवी ही मागणी न्याय्य आहे, आणि त्याच्या कुरणातून जाणाऱ्या माणसाने तहानेने मरू नये हीही तितकीच न्याय्य आहे. कामासाठी येणाऱ्याला कायदेशीर वाट मिळाली, तर गस्त दलाला खऱ्या गुन्हेगारांकडे लक्ष देता येईल आणि रँचमालकाला आपल्या तारा व हाळ शाबूत राहण्याची आशा धरता येईल; ती वाट बंद ठेवून केवळ भिंतीची उंची वाढवण्याचे धोरण तीस वर्षांत दोघांपैकी कोणालाही सुरक्षित करू शकलेले नाही.